अर्ध्या गोळीची साठवण

अडकित्ता सुपारीसाठी असतो, हे प्रणिता काळमेघला कोणी शिकवायची गरज नव्हती. तो तिच्या सासऱ्यांचा होता, पितळी आणि चांगला वजनदार, आणि ते गेल्यापासून घरात सुपारी खाणारं कोणी उरलं नव्हतं. पण गेले दीड महिने रोज सकाळी नवरा आंघोळीला गेला की प्रणिता ओट्यापाशी यायची, अडकित्त्याच्या पात्याखाली एक पांढरी गोळी धरायची आणि कट्कन दाबायची. अर्धी गोळी तोंडात, अर्धी लवंगांच्या डबीत. संध्याकाळी पुन्हा तेच.

गोळी मॉर्फीनची होती. सहा वर्षांपूर्वी बडनेरा रोडवर मागून आलेल्या गाडीनं तिची स्कूटर उडवली. मणक्याची दोन ऑपरेशनं झाली आणि दोन्ही यशस्वी झाली, असं डॉक्टर म्हणाले. दुखणं मात्र तिथंच राहिलं. हाडं जुळली, पण दुखावलेली नस काही केल्या गप्प बसेना. चोर पळून गेल्यावरही कुत्रं रात्रभर भुंकत राहतं, तशी ती भुंकत होती. कमरेतून निघालेली कळ डाव्या पायात उतरायची, आणि उभं राहिलं की तिला जास्तच जोर यायचा.

आणि आता ओवीचं लग्न आलं होतं. एकुलती एक मुलगी. लग्नात मुलीच्या आईनं बसायचं नाही असा कुठं नियम नाही, पण बसलेली कोणी पाहिली आहे का? मानपान तिनं बघायचे, विहिणीची सरबराई तिनं करायची, कोणाचा आहेर राहिला, कोण न जेवता निघालं, हेही तिनंच लक्षात ठेवायचं. प्रणितानं मनाशी ठरवलं होतं, त्या एका दिवशी दुखणं नको. एकच दिवस. ज्या घरात ती लहानाची मोठी झाली तिथं कुरड्या, नव्या चादरी, चांगलं तूप, सगळं प्रसंगासाठी राखून ठेवायची पद्धत होती. तुपाचं जे, तेच गोळीचं, इतका सरळ हिशेब तिनं केला होता. रोज थोडं सोसायचं आणि लग्नाच्या दिवशी पोटभर आराम घ्यायचा.

फक्त डाव्या मनगटावरच्या कड्याला तिनं या हिशेबात धरलं नव्हतं.

कड्याचं सरकारी नाव लांबलचक होतं. अमरावतीत सगळे त्याला 'सरकारी पाटली' म्हणत. पूर्वी अफूच्या जातीचं औषध मिळवायचं म्हणजे रुग्णाचे जोडे झिजायचे. मिळालं तर मिळालं, वर औषधाच्या दुकानातला माणूस गर्दुल्याकडे बघावं तसा बघायचा, आणि दर महिन्याला बाटलीत लघवी देऊन आपण चोर नाही हे सिद्ध करावं लागायचं. पाटली आल्यापासून ती शरम संपली. औषध घरपोच यायला लागलं. वेळ झाली की छोट्या पेटीचा खण उघडायचा आणि गोळी बाहेर यायची. त्या बदल्यात कड्याच्या आतल्या बाजूच्या केसाहून बारीक सुया रुग्णाचा घाम चाखत राहायच्या.

कडं दोन कामं करायचं. घामात कोणतं औषध किती आहे, हे ते जिल्ह्याच्या औषध दक्षता कक्षाला कळवायचं. दुसरं काम जास्त अवघड होतं. नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर, कातडीचा ताण, चिडलेल्या नसा रक्तात सोडतात ती रसायनं, या सगळ्यावरून ते वेदनेचा शून्य ते दहा असा आकडा काढायचं. तो जायचा वेदना केंद्राच्या डॉक्टरांकडे. रुग्णानं परवानगी दिली तर घरच्यांच्या फोनवरही दिसायचा. प्रणितानं ती दिली नव्हती. लग्नाच्या घाईत कोणाच्या डोक्याला ताप कशाला, असं तिचं म्हणणं. आकडा का चढला असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हाही तिनं लग्नाची दगदग एवढंच कारण सांगितलं होतं. आणि रुग्णाची खासगी बाब म्हणून दक्षता कक्षाला वेदना दिसत नसे आणि डॉक्टरांना तीन महिन्यांच्या तपासणीशिवाय औषधाचा आलेख दिसत नसे. डाव्या हाताला उजव्याचा पत्ता नाही, असा सगळा कारभार.

लग्नाला पंधरवडा उरला असताना, प्रणिता ओवीच्या शालूला फॉल लावत होती, तेव्हा कड्यावरचा हिरवा दिवा नारिंगी झाला. आत पेटीचं कुलूप लागल्याचा आवाज आला. मग फोनवर निरोप आला की औषध अन्य व्यक्तीकडे वळवल्याचा संशय असून उद्या केंद्रात हजर राहावे. साध्या मराठीत सांगायचं तर, बाई, तुम्ही गोळ्या विकल्या.

रवींद्रनं निरोप दोनदा वाचला. तिचा नवरा तसा कमी बोलणारा, महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात तीस वर्षं काढलेला माणूस.

"वंदनाताईला दिल्या का?" त्यानं विचारलं. वंदनाताई त्याची थोरली बहीण. गुडघ्यांनी हैराण झालेली, आणि आली की "एखादी दे ना वं" म्हणून प्रणिताच्या मागे लागणारी.

"नाही दिल्या."

"मग गेल्या कुठं? हे बंद झालं ना, तर पाच वर्षं मिळणार नाही तुला. तुझे ते सुरुवातीचे दिवस आठवते का? रात्रभर भिंतीला धरून उभी राहायची तू."

तिला आठवत होतं. पण खरं सांगितलं तर लवंगांची डबी हातची जाणार होती, आणि डबीबरोबर तो एक दिवसही. ती फॉल लावत राहिली. नवऱ्यानं आपल्यावर संशय घेतला याचं तिला वाईट वाटलं, आणि त्याचं काही चुकलं नाही याचं त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी ओवी तिला घेऊन केंद्रात गेली. डबी प्रणितानं पर्समध्ये टाकली होती. घरी ठेवायचा धीर झाला नव्हता.

दक्षता कक्षाचे घुगे साहेब पन्नाशीचे, जाड भिंगांचा चष्मा, आवाज मवाळ. शेजारी डॉक्टर निखत अन्सारी बसल्या होत्या. प्रणितावर चार वर्षं त्याच उपचार करत होत्या.

"ताई, पेटीतून गोळी पूर्ण निघून राहिली," घुगे म्हणाले, "अन् घामात निम्मीच दिसते. दीड महिना झाला."

प्रणितानं रात्री ठरवलेलं सांगून टाकलं. "उलट्या होतात मला. गोळी पोटात ठरत नाही."

घुग्यांनी चष्मा पुसला. "उलटी एवढी इमानदार नसते, ताई. ती एक दिवस गोळी ठेवते, एक दिवस पाडते. तुमची रोज बरोब्बर अर्धीच पडते. हे कसं?"

ओवी भडकली. "म्हणजे माझ्या आईनं विकल्या? तिच्याकडे पाहून तुम्हाला तसं वाटते का?"

"पोरी, पाहून काही समजत नाही, म्हणून तर हे कडं आणलं. गेल्या साली एक आजोबा असेच बसले होते समोर. त्यांच्या गोळ्या नातू विकत होता, अन् म्हातारा बिचारा तसाच तळमळत पडून राहायचा. तेव्हा विचारणं आलंच."

"आई, सांग ना यांना!" ओवी म्हणाली. "सांग, तू असं काही करूच शकत नाही."

लेकीचा तो भाबडा विश्वास प्रणिताला सोसवेना. तिनं पर्स उघडली आणि लवंगांची डबी टेबलावर ठेवली. घुग्यांनी झाकण काढलं. लवंगांचा वास सुटला आणि आत पांढऱ्या अर्धुकांचा ढीग दिसला.

"तुझ्या लग्नासाठी जमवल्या," प्रणिता म्हणाली. "त्या दिवशी यातल्या घेणार होते. म्हटलं, एक दिवस तरी नीट उभी राहीन."

घुग्यांनी एक अर्धुक उचलून उजेडात धरलं. मग डॉक्टर निखत म्हणाल्या, "प्रणिताताई, तुमची परवानगी असेल तर मी दोन्ही आलेख एकावर एक ठेवते. वेदनेचा आणि औषधाचा."

प्रणितानं मान हलवली. भिंतीवरच्या पडद्यावर दोन रेघा उमटल्या. औषधाची निळी रेघ दीड महिन्यापूर्वी एकदम खाली आली होती, आणि तिथंच वेदनेची लाल रेघ वर चढली होती. ओवी उठून पडद्याजवळ गेली आणि तारीख शोधायला लागली.

"हा माझा साक्षगंधाचा दिवस, अंगठ्या घातल्या तो," ती म्हणाली. "इथं किती आहे?"

"साडेआठ."

"आई, तू त्या दिवशी नाचली होतीस."

"दोनच पावलं तर टाकली," प्रणिता म्हणाली.

ओवीनं तोंड फिरवलं. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्ही एकाच माणसासाठी असल्यामुळे काय करावं ते तिला कळेना. "मी हात धरून ओढलं होतं तुला," एवढंच ती म्हणाली.

डॉक्टर निखत मात्र दुसऱ्याच काळजीत पडल्या होत्या. "लग्नाच्या दिवशी नेमकं किती घेणार होता तुम्ही?"

प्रणितानं सांगितलं. जुना पूर्ण डोस, आणि सणाचा दिवस म्हणून तोही दुप्पट.

"बसा सगळे," डॉक्टर म्हणाल्या. "हे बघायलाच पाहिजे."

चार वर्षं तिच्या अंगावरचा घाम, नाडी, श्वास, झोप टिपून यंत्रानं प्रणिताची एक नक्कल तयार केली होती. केंद्रातले लोक तिला सावली म्हणत. नवं औषध देण्याआधी ते सावलीला देऊन बघायचं, म्हणजे माणसाच्या अंगावर प्रयोग नकोत. डॉक्टरांनी सावलीला लग्नाचा दिवस दिला: पहाटे उठणं, कन्यादानापर्यंत उपास, उभं राहणं, उन्हाळा, आणि डबीतल्या गोळ्या.

"एक गोष्ट समजून घ्या," त्या म्हणाल्या. "मॉर्फीन वेदना दाबतं, तसाच श्वासही मंद करतं. रोज घेणाऱ्याचं शरीर त्याला सरावतं, म्हणून मोठा डोसही पेलतं. हमालाची पोतं उचलायची सवय सुटली की जुनं ओझं त्याला झेपत नाही, तसंच हे. दीड महिना निम्म्यावर राहिल्यानं तुमचा सराव मोडलाय. तुम्हाला वाटलं, गोळ्या साठताहेत. तिकडे ताकद ओसरत होती."

पडद्यावर सावलीचा दिवस सुरू झाला. वेदनेचा आकडा सहावरून तीनवर आला, मग एकवर. प्रणिता बघत राहिली. एकचा आकडा तिनं सहा वर्षांत कधी अनुभवला नव्हता. श्वासाची हिरवी रेघ आधी संथ झाली, मग तिच्यात खंड पडायला लागले.

"या वेळी तुम्ही कुठं असता?" डॉक्टरांनी विचारलं.

प्रणितानं घड्याळाचा आकडा बघितला. "मंगलाष्टकं चालू असतील. आमच्यात आईनं लग्न बघायचं नसते. आत तुळशीपाशी बसायचं, एकटीनं."

हिरवी रेघ आडवी झाली. वेदनेचा आकडा शून्य झाला आणि शून्यच राहिला.

तुळशीपाशी बसल्या बसल्या ती गेली असती. बाहेर अक्षता पडल्या असत्या, टाळ्या झाल्या असत्या, आणि आत आलेल्या पहिल्या बाईला वाटलं असतं, दमली बिचारी, डोळा लागला. प्रणिताच्या अंगावर सर्रकन काटा आला. शेजारी ओवीनं तिचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की कडं हाडाला रुतत होतं.

"बाप्पा!" घुगे म्हणाले. "म्हणजे ते नारिंगी झालं नसतं तर..."

"तर मी या लग्नाला आले असते," डॉक्टर निखत म्हणाल्या, "आणि तिथून कुठं जावं लागलं असतं ते बोलत नाही."

प्रणिता रडायला लागली आणि रडता रडता हसायला लागली. रात्रभर तिनं त्या कड्याला शिव्या घातल्या होत्या. चोर म्हणून पकडायला आलेल्यानं तिला विहिरीच्या काठावरून मागं ओढलं होतं. आपण जिवंत आहोत, ही एवढी साधी गोष्ट, तिचा आनंद तिला अंगभर जाणवला. डॉक्टरांनी तिला पाणी दिलं आणि रडू दिलं.

मग त्यांनी लाल रेघेचा शेवटचा भाग मोठा करून दाखवला. पहिले दोन-अडीच आठवडे वेदना खूप चढली होती, पण नंतर हळूहळू उतरून जवळपास जुन्या जागी आली होती. "हे सगळ्यांचं होत नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या कितीतरी रुग्णांना पूर्ण डोसच लागतो आणि तो त्यांना मिळालाच पाहिजे. पण तुमच्या नसांना जास्त मॉर्फीननं उलट चीड येत होती. तुम्ही केलं ते चुकीचंच केलं. मला विचारलं असतं तर हेच आपण हळूहळू, न छळता केलं असतं. आता निम्म्यावर राहू, आणि जोडीला औषधी भांगेचे थेंब देते."

"भांग?" प्रणिता सावरून बसली. "मी?"

"होळीची नव्हे. मोजून काढलेला अर्क आहे. जिभेखाली ठेवायचा. नसांचं भुंकणं थोडं कमी होतं. फार नाही, थोडं."

"अन् पाटली पुन्हा नारिंगी होईल ना?"

"माझ्याकडे नोंद झाली तर औषध," घुगे म्हणाले, "न नोंदवता घेतली तर गुन्हा. झाड तेच. आपली नोकरी याच्यावरच चालून राहिली, ताई." त्यांनी अर्धुकं पाकिटात बंद करून सील केलं आणि डबी लवंगांसकट परत दिली. संशयाचा शेरा त्यांनी तिच्यासमोर काढून टाकला. "पुढच्या वेळी साठवायचं असलं तर लोणचं साठवा."

डॉक्टरांनी सावलीला तोच दिवस दुसऱ्यांदा दिला. अर्धी गोळी, थेंब, आणि मध्ये मध्ये बसणं. श्वासाची रेघ संध्याकाळपर्यंत ताठ चालली. वेदनेचा आकडा चार-पाचच्या घरात खेळत राहिला.

"शून्य नाही होणार?" प्रणितानं विचारलं.

"शून्य मघाशी झालं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "ते नको आपल्याला. आणि ताई, यातलं बसणं हे औषध आहे. ते चुकवलं तर आकडा आठवर जाईल."

निघताना तिनं परवानगीच्या खुणेवर अंगठा ठेवला. आकडा रवींद्रच्या फोनवर दिसायचा होता.

त्या संध्याकाळी रवींद्र फोन हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. ओवीनं त्याला सगळं सांगितलं होतं.

"आत्ता सहा आहे?"

"हो."

"सहा असताना तू पोळ्या लाटून राहिली?"

"मग कोण लाटेल?"

त्यानं पुढं होऊन गॅस बंद केला. "तू बरं आहे म्हणायची," तो म्हणाला, "अन् मी मानायचो. मला सोयीचं होतं ते." मग त्यानं तिला खुर्चीत बसवलं आणि राहिलेल्या पोळ्या स्वतः केल्या. त्या कशा झाल्या याबद्दल न बोललेलंच बरं, पण प्रणितानं दोन खाल्ल्या.

वंदनाताईंना थेंबांचा सुगावा लागायला चार दिवस लागले. आल्या आल्या त्यांनी आधी कपाळावर हात मारून घेतला. "काळमेघांच्या घरात भांग! बाबा असते तर काय म्हणाले असते?" मग थोडं जवळ सरकून त्या म्हणाल्या, "गुडघ्याला चालते का गं?"

"ताई, आधी पाटली चढवून घे," रवींद्र म्हणाला, आणि कधी नाही ते प्रणिता पोट धरून हसली. हसल्यानं कंबर दुखली, तरी हसली.

लग्न मे महिन्यात, बडनेऱ्याच्या एका मंगल कार्यालयात झालं. सावलीनं सांगितल्यापेक्षा खरा दिवस जरा जास्तच दमवणारा निघाला, कारण सावलीला वऱ्हाडातल्या वरातीची कल्पना नव्हती. डीजे फाटकाशी अडला, नवरदेवाचे मित्र घामाघूम होऊन नाचत राहिले आणि मुहूर्त त्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेला. नंतरचं कन्यादान मात्र पाटावर न बसता दोन स्टुलांवर झालं. गुरुजींनी भुवया उंचावल्या, पण शास्त्रात स्टूल चालत नाही असं कुठं लिहिलेलं त्यांना आठवेना.

ओवीनं एक अट घातली होती. आईनं तुळशीपाशी एकटं बसायचं नाही. मंगलाष्टकांच्या वेळी ती अशा जागी हवी, जिथून लेकीला दिसेल. रीत मोडली म्हणून वंदनाताई थोड्या कुरकुरल्या, पण कारण कळल्यावर त्याच प्रणिताला पुढं घेऊन आल्या.

अंतरपाट धरला गेला. सगळे उभे राहिले, मुठीत अक्षता घेऊन. प्रणिताही उभी होती, नवीन शालूत, खुर्ची मागं सोडून, कारण लेकीच्या मंगलाष्टकांना बसून राहायचं म्हणजे कसंतरीच दिसलं असतं. कळ कमरेतून निघाली आणि पायात उतरली. रवींद्रनं फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आकडा सातवर होता आणि चढत होता. तो काही बोलणार, इतक्यात गुरुजींनी माइक तोंडाजवळ नेला.

"गुरुजी, थांबा," प्रणिता म्हणाली.

इतक्या मोठ्यानं तिला बोलायचं नव्हतं, पण आवाज सगळ्या मांडवात गेला. पाचशे माणसांनी तिच्याकडे वळून पाहिलं. अंतरपाटाच्या अलीकडून ओवी टाचा उंचावून बघायला लागली.

"मला दुखतंय," ती म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता, पण वाक्य एकदा तोंडातून निघालं आणि पुढचं आपसूक निघालं. "मला बसायचंय. खुर्ची इथं पुढं आणा. मला लेकीचं लग्न बसून बघायचंय."

वरपक्षाकडून कोणीतरी मुहूर्ताचं पुटपुटलं.

"तुमच्या डीजेसाठी पाऊण तास थांबलो आम्ही," प्रणिता म्हणाली. "माझ्या कमरेसाठी दोन मिनिटं थांबा."

आधी ओवी हसली, मग नवरदेव, मग सगळा मांडव. रवींद्रनं स्वतः खुर्ची उचलून आणली, अगदी पुढं, अंतरपाटापासून हातभर अंतरावर. प्रणिता बसली. कळ लगेच गेली नाही, पण तिचा जोर कमी झाला, आणि छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखा तिनं एक लांब श्वास घेतला.

तेवढ्यात समोरून विहीणबाई पुढं आल्या. सकाळपासून भरजरी शालूत ताठ उभ्या असलेल्या, मानी चेहऱ्याच्या. आता ऐकून घ्यावं लागणार, असं प्रणिताला वाटलं.

विहीणबाईंनी शेजारी बघितलं, एक रिकामी खुर्ची पायानंच जवळ ओढली आणि तिच्यात स्वतःला सोडून दिलं.

"माझे गुडघे पहाटेपासून जीव घेऊन राहिले, बाई," त्या हळूच म्हणाल्या. "कोणीतरी आधी बसावं म्हणून वाट पाहून राहिले होते मी."

मग त्यांनीच गुरुजींना हात केला. "हं, होऊ द्या सुरू."